सहा जानेवारीची माणसं

कॉम्प्युटरला तारीख कळत नाही. त्याच्या पोटात तारीख म्हणजे एक लांबलचक आकडा असतो, कुठल्या तरी ठरलेल्या दिवसापासून मोजत आणलेला. तो आकडा माणसाला वाचता यावा म्हणून त्याची अक्षरं करावी लागतात. आधी दिवस की आधी महिना, मध्ये तिरकी रेघ की टिंब, एकच्या आधी शून्य घालायचं की नाही, महिना आकड्यात लिहायचा की शब्दात, हे सगळं कुणीतरी बसून ठरवावं लागतं. आमच्या ठाण्याच्या ऑफिसात ते मी ठरवते. सोळा-सतरा वर्षं झाली.

या कामाचं कौतुक कुणाला नसतं. आमचा टीम लीडर त्याला रंगसफेदी म्हणतो. घर दुसऱ्यांनी बांधायचं आणि मी शेवटी ब्रश घेऊन जायचं, असा त्याचा समज. मी त्यावर दर वेळी भांडते. पाण्याच्या मीटरचे लिटर छापताना लाखाचा स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला तर वाचणारा माणूस अडखळतो की नाही? पत्त्याचा रकाना मध्येच कापला आणि कल्याणच्या जागी नुसतं 'कल्' छापून आलं, पायमोडकं, तर ते कुणाला दिसतं? मला दिसतं. दिसलं की मला बसवत नाही. जेवता जेवता उठून लॅपटॉप उघडलाय मी त्यापायी. माझी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आणि जिभेला धार. दोन्ही खरं होतं आणि मला दोन्हीचा थोडा अभिमानही होता, हेही सांगून टाकते.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलचं काम आलं. साठीच्या पुढच्या लोकांची मोतीबिंदूची ऑपरेशनं ते मोफत करतात. फॉर्म भरून घेणारी माणसं कल्याण, डोंबिवली, दिवा, आंबिवली अशी ठिकठिकाणी टेबल टाकून बसलेली. प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर नावं टाइप केलेली. त्या सगळ्या फायली एकत्र होऊन माझ्यापर्यंत आल्या. जन्मतारखा एका साच्यात आणायच्या, त्यावरून वय काढायचं, साठ पूर्ण असलेल्यांची वयाप्रमाणे यादी लावायची आणि ज्याचा नंबर येईल त्याला फोनवर मेसेज जाईल अशी सोय करायची, एवढंच काम. मी म्हटलं, दोन आठवडे पुष्कळ झाले.

त्याच सुमाराला बाबांचे डोळे दाखवून झाले होते. बाबा डोंबिवलीला एकटे राहतात, पूर्वेला, पहिल्या मजल्यावर. आई गेल्यापासून मी त्यांना ठाण्याला या म्हणते आणि ते बघू म्हणतात. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकलेला आणि डावा त्याच वाटेवर. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांच्या आत करून घ्या. फार पिकू दिला तर डोळ्यातलं प्रेशर वाढेल आणि मग गेलेली नजर परत येणार नाही. मी तिथल्या तिथे एका खासगी हॉस्पिटलची वेळ घ्यायला निघाले. बाबांनी माझा फोनचा हात धरला.

"तू ज्यांचं काम करतेस ना, तिथेच करू," ते म्हणाले. "चांगले डॉक्टर आहेत म्हणतात. मी भरतो फॉर्म."

"भरा. मी तुमचं नाव बघते वरती—"

"ते नाही चालणार. वशिला नको. माझा नंबर येईल तेव्हा येईल. तू माझं नाव उघडूनसुद्धा बघायचं नाहीस, शब्द दे."

मी शब्द दिला. शिवाय वर फुशारकीही मारली. "माझंच सॉफ्टवेअर आहे बाबा, नंबर आपोआप येणार. काळजी करू नका." समोरच्या दारातल्या काकांनीही त्याच दिवशी फॉर्म भरला. ते बँकेतून रिटायर झालेले, बाबांच्याच वयाचे. दोघं बरोबर जाऊन आले आणि येताना वडापाव खाऊन आले.

आता ती फाईल. तारखांचा रकाना उघडला आणि मी खुर्चीत सरसावून बसले. सहा जानेवारी. खाली गेले, पुन्हा सहा जानेवारी. साल वेगवेगळं, पण दिवस तोच, आणि तो असा ठिकठिकाणी पेरलेला की बोटाने चाक फिरवत गेले तरी संपेना. बाकीच्या तारखा दिसायला ठीक होत्या. तेवीस ऑगस्ट, सतरा मार्च, एकोणतीस नोव्हेंबर, जशी माणसं जन्मतात तशी.

आमच्या धंद्यात हे नवं नाही. तारखेचा रकाना रिकामा सोडता येत नसेल तर कंटाळलेला माणूस काहीतरी ठोकून देतो. एक जानेवारी तर आम्हाला पाठ आहे, जिथे तिथे भेटते. इथे कुणीतरी सहा जानेवारी धरली होती, एवढाच फरक. मला चित्र स्वच्छ दिसलं. समोर म्हातारा माणूस, त्याला तारीख सांगता येत नाही, टेबलवाल्याने वय विचारून साल काढलं आणि दिवस-महिना मनाने घातला. मला त्या टेबलवाल्याचा संताप आला. माणसाच्या जन्माची तारीख अशी आपल्या सोयीने टाकतात का?

मी दोन ओळी लिहिल्या. दिवस सहा आणि महिना जानेवारी असेल तर तारीख छापू नकोस, त्या जागी छाप, 'उपलब्ध नाही'. चहा गार व्हायच्या आत झालं. तारीख नाही म्हणजे वय निघत नाही, वय निघत नाही म्हणजे नाव यादीत येत नाही, हे मला माहीत होतं. पण कागदपत्रं घेऊन येतील आणि खरी तारीख भरतील, असं मी गृहीत धरलं. त्यांना कागदपत्रं आणा असं कोण सांगणार, याचा विचार केला नाही. तो माझ्या कामाचा भाग नव्हता.

टीम लीडरने विचारलं होतं, तेही लिहायला हवं. "हॉस्पिटलला एकदा विचारून घ्यायचं का?"

"त्यात काय विचारायचं?" मी म्हटलं. "उघड आहे ना. इतकी माणसं काय एकाच दिवशी जन्मतात?"

"ओके, तू म्हणतेस तर," तो म्हणाला. तो माझ्याशी सहसा वाद घालत नाही. घातला असता तर बरं झालं असतं.

डिसेंबर लागला. पहिल्या यादीतल्या लोकांना मेसेज गेले. समोरच्या काकांना आला, ते ऑपरेशन करून आले आणि काळा चष्मा लावून गॅलरीत बसायला लागले. बाबांना आला नाही. मी सकाळ-संध्याकाळ फोन करायचे.

"आला का?"

"नाही गं बाय. येईल."

"फोन चार्ज असतो ना?"

"असतो. काकांचा एक झाला की माझा येईल."

काकांचा दुसराही डोळा झाला. मी आतून पोखरल्यासारखी झाले होते. ऑफिसात उठून पाण्याच्या कूलरपर्यंत जायचे आणि पाणी न पिताच परत यायचे. चार वेळा सिस्टीम उघडली, बाबांचं नाव टाइप करायला घेतलं आणि शब्द दिलाय म्हणून बंद केली. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षावाल्यावर ओरडले, हॉस्पिटलच्या हेल्पलाइनवरच्या मुलीवर ओरडले. ती म्हणाली, "मॅडम, यादी सिस्टीममधून येते, आमच्या हातात काही नाही." मी म्हटलं, "मला शिकवू नका सिस्टीम काय असते ते."

दोन महिन्यांतला एक महिना आणि वर काही दिवस गेले होते, तेव्हा एका गुरुवारी सकाळी बाबांनी फोन उचलला नाही. नऊला नाही, साडेनऊला नाही. दहाला मी समोरच्या काकांना फोन लावला.

"ते? ते सातलाच गेले," काका म्हणाले. "पिशवीत फाईल होती. खडवलीला जातो म्हणाले. मी म्हटलं, अहो दिसत नाही, कशाला? तर म्हणाले, दुपारी येतो."

खडवली म्हणजे बाबांचं गाव. स्टेशनपासून आत दोन-तीन किलोमीटर. पण तिथे आता आमचं कुणी नाही, घर केव्हाच पडलं आणि जमीन होतीच कुठे. या नजरेचा माणूस फाईल घेऊन तिथे का जाईल? माझ्या डोक्यात नाही नाही ते आलं. टीम लीडरला 'घरचं काम' एवढंच सांगून मी निघाले. कसाऱ्याची गाडी गर्दीच्या उलट दिशेची, खिडकीशी जागा होती, तरी मी दारात उभी राहून गेले. आंबिवलीला गाडी सिग्नलला थांबली तेव्हा मी त्या सिग्नललाही शिव्या घातल्या.

खडवलीच्या रिक्षावाल्याला सांगितलं, साधारण असे असे आजोबा, हातात पिशवी. तो म्हणाला, "हां, ते ना? शाळेत सोडले मीच. हात धरून उतरवले."

जिल्हा परिषदेची शाळा. मधली सुट्टी होती, पोरं व्हरांड्यात खिचडी खात बसलेली. ऑफिसच्या खोलीत मुख्याध्यापिका बाईंच्या समोर बाबा बसले होते, दोन्ही हात पिशवीवर. टेबलावर एक जुनं भलंमोठं रजिस्टर उघडं होतं. माझ्या चपलेचा आवाज त्यांना ओळखू आला.

"तू कशाला आलीस?" ते म्हणाले.

"मी कशाला आले? फोन कुठाय तुमचा?"

"पिशवीत असेल." मग म्हणाले, "बस. बाईंना त्रास देऊ नकोस, त्या बघतायत."

काय बघतायत ते त्यांनी मग सांगितलं, खाली मान घालून, वर्गात उभं केलेल्या मुलासारखं. सोमवारी ते हॉस्पिटलात जाऊन आले होते. एकटेच. मेसेज का येत नाही विचारायला. काउंटरवरच्या मुलीने नाव घातलं आणि एक चिठ्ठी छापून दिली. त्यांनी ती फाईलमधून काढून माझ्या हातात ठेवली.

जन्मतारीख : उपलब्ध नाही.

माझे शब्द होते. त्यातला विसर्गासारखा दिसणारा तो अपूर्णविराम आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागासुद्धा मी ठरवलेली होती. अक्षराचा आकारही माझाच.

"मला सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"तुला सांगितलं असतं तर तू भांडायला गेली असतीस. आणि मग त्यांनी अजून खोदून काढलं असतं."

"काय खोदून काढलं असतं?"

बाबांनी बाईंच्या दिशेने बघितलं, म्हणजे मान वळवली. "ती तारीख खोटी आहे गं," ते म्हणाले. "माझी. मास्तरांनी घातलेली. इतकी वर्षं चालली. कारखान्यात लागलो तेव्हा चालली, रिटायर झालो तेव्हा चालली. मला दर वेळी वाटायचं, आता विचारतील. आता कॉम्प्युटर आलाय, त्याला कळलं असणार. म्हणून म्हटलं, शाळेतून लिहून आणावं की बाबांनो, मी नाही घातली, मास्तरांनी घातली."

मास्तर गावातल्या पोरांना ओळीने उभं करायचे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकड, म्हणायचे. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं, शाळेत घाला. बाबांचा कान दुसऱ्या खेपेला लागला. जन्म कधीचा हे आजीला विचारलं तर ती म्हणाली, आवणीत. भाताची रोपं लावत होते, दुपारपर्यंत ती चिखलात होती आणि मग घरी गेली. त्या दिवशी तारखेची गरज कुणाला नव्हती, हात हवे होते. मास्तरांना मात्र रजिस्टरात काहीतरी लिहायलाच हवं होतं. जूनमध्ये शाळा उघडायची, तोवर सहा पूर्ण व्हायला हवीत, म्हणून त्यांनी जूनचा पहिला दिवस लिहिला.

बाई हसल्या. "अहो आजोबा, यात खोटं काय आलं? एकट्याचीच आहे का तुमची?" त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "हे बघा ताई."

पान पिवळं पडलेलं, शाई तपकिरी झालेली. जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकाच हाताने, एकाच वळणाने लिहिलेलं होतं. १/६. १/६. १/६. मध्ये कुठे एखादी वेगळी तारीख, बहुधा पाटलाच्या घरातली. पुन्हा १/६.

मी बोट ठेवून ते पान वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. एक आणि सहा. सहा आणि एक.

हे समजायला मला तिथे क्षणही लागला नाही, आणि आधी त्या फाईलवर पंधरा दिवस बसून समजलं नव्हतं. त्या सगळ्या टेबलवाल्यांच्या लॅपटॉपवर तारखेची अमेरिकन पद्धत असणार, आधी महिना आणि मग दिवस. नवा लॅपटॉप बहुधा तसाच येतो, कुणी बदलत नाही. त्यावर टेबलवाल्याने इमानदारीत ०१/०६ टाइप केलं, आणि लॅपटॉपने ते पहिल्या महिन्याची सहा तारीख असं समजून पोटात ठेवलं. तेवीस ऑगस्टचं काही बिघडलं नाही, कारण तेविसावा महिना नसतो. लॅपटॉपला तिचा अर्थ लागला नाही आणि त्याने ती होती तशी सोडली. म्हणून बाकीच्या तारखा मला ठीक दिसल्या. बारापर्यंतचे दिवस तेवढे उलटले, आणि त्यात सगळ्यात जास्त होती एक जून. ती सहा जानेवारी होऊन माझ्यासमोर आली आणि मी तिला कचरा समजून झाडून टाकली.

तारखेतला दिवस आणि महिना उलटा होतो, हे मी नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो हा बैल. एक जूनला निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस असतो हा विनोद मी दर वर्षी चार ग्रुपवर पुढे ढकलते. आणि माझ्या स्वतःच्या बापाचा वाढदिवस मी एक जूनला करते, नोकरी लागल्यापासून, केक आणून. ते दर वेळी म्हणायचे, कशाला गं हे. मला वाटायचं काटकसर. ते त्या केकसमोर चोरासारखे बसायचे, हे मला त्या शाळेत कळलं. मला त्या क्षणी स्वतःची इतकी शिसारी आली की खोलीत थांबवेना.

मी व्हरांड्यात आले आणि टीम लीडरला फोन लावला. पोरांचा गलका होता, एक कान बोटाने बंद करून बोलले. "सहा जानेवारीचा घोळ आहे ना, तो माझा आहे. ती सगळी एक जूनची माणसं आहेत. खरी माणसं. मी यादीतून काढली. हॉस्पिटलला आत्ता कळव, माझं नाव घालून कळव."

तो म्हणाला, "अगं, नाव कशाला घालायचं? इम्पोर्ट एरर म्हणून सांगू ना."

"नाव घाल," मी म्हटलं.

टीम लीडरला सांगणं सोपं होतं, दोन वाक्यं लागली. मी आत गेले. बाबा माझ्याकडे तोंड करून बसलेले, उजव्या डोळ्यात तो पांढुरका ठिपका.

"काय झालं? पकडलं ना त्यांनी?"

"नाही बाबा. तुमची तारीख चालते. सगळ्यांची चालते. कॉम्प्युटरमध्ये चूक झाली होती, दिवस-महिना उलटा झाला. होईल दुरुस्त."

मला पुढचं वाक्य बोलायचं होतं. ते तयारही होतं. पण बाबांनी असा श्वास सोडला, इतक्या वर्षांचा, की माझं वाक्य माझ्याकडेच राहिलं.

"म्हणजे खोटी म्हणून नाही काढलं?"

"नाही."

"असं होय." ते पिशवीचे बंद चाचपायला लागले. "नवखं असेल कुणीतरी बिचारं. होते चूक. तू त्याला ओरडू नकोस हं."

"नाही ओरडत," मी म्हटलं.

परत येताना ते गाडीत झोपले, तोंड किंचित उघडं ठेवून. मी डोंबिवलीपर्यंत त्यांच्याकडे बघत आले.

दुरुस्ती करायला एक दुपार लागली. माणसांना परत बोलवायला तीन आठवडे लागले. नुसता मेसेज पाठवणं मला पटेना, म्हणून हॉस्पिटलकडून परवानगी घेऊन जमेल तेवढ्यांना मी फोन केले, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिस सुटल्यावर. दिव्याच्या एक आजी म्हणाल्या, "मला वाटलं, आपल्यासारख्यांचं नसतंच ते. काउंटरला विचारायला पण नाही गेले मी." कल्याणच्या एकांनी मला आशीर्वाद दिला. तो मला नको होता आणि परतही करता येईना. आंबिवलीच्या एका आजोबांचा फोन सुनेने उचलला. ते आठ दिवसांपूर्वी जिन्यात पडले होते. शेवटची पायरी दिसली नाही. खुबा मोडला, आता डोळ्यांचं एवढ्यात काही नाही, त्या म्हणाल्या. "तुम्ही फोन केलात, बरं वाटलं हो. एवढं कोण करतं?"

मी फोन ठेवला. मग रोज त्यांचा नंबर उघडायचे आणि ठेवून द्यायचे. काय सांगणार होते? सहाचा आणि एकचा जागेवरून घोळ झाला, म्हणून तुम्ही पडलात? मी ऑफिसातल्या कामात डोकं घालून बघितलं, तारखांच्या पन्नास चाचण्या लिहिल्या, सगळ्या पास झाल्या. एक काम धड बसून होईना.

बाबांना मेसेज आला तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या दोन महिन्यांतले आठ दिवस उरले होते. त्यांनी तो समोरच्या काकांकडून वाचून घेतला आणि मग मला फोन केला. "आला गं नंबर. वशिल्याशिवाय." मी म्हटलं, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठला आम्ही हॉस्पिटलात होतो. मोठा हॉल, भिंतीला लागून बाकं, हिरव्या टोप्या घातलेली म्हातारी माणसं ओळीने. प्रत्येकाच्या मनगटाला प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर नाव, नंबर आणि जन्मतारीख छापलेली. दिवस, तिरकी रेघ, महिना, तिरकी रेघ, साल. ०१/०६. मी बाबांच्या शेजारी बसले होते आणि नजर जाईल त्या मनगटावर तेच वाचत होते. सिस्टरने बाबांच्या डोळ्यात थेंब घातले आणि पंधरा मिनिटांनी नेते म्हणून सांगून गेली.

बाबांनी डोळा मिटून घेतला होता. त्यांचा हात माझ्या हातात होता, त्या पट्टीसकट. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि हात सोडवत नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "तुमचं नाव काढलं ते नवखं कुणी नव्हतं. मी होते."

मी बोलत सुटले. सगळं सांगितलं. त्या दोन ओळी, तो चहा, इतकी माणसं एकाच दिवशी जन्मतात का हे माझं वाक्य. आंबिवलीचे ते आजोबाही सांगितले, खुब्यासकट. शेजारच्या बाकावरच्या बाई आमच्याकडे बघायला लागल्या तरी थांबले नाही.

"तुझं ठाऊक होतं मला," बाबा डोळा न उघडता म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? त्या दिवशी शाळेत तू कुणावरच ओरडली नाहीस. तेव्हाच कळलं."

सिस्टर ओळीच्या टोकाकडून नावं पुकारत येत होती. बाबांचा नंबर तिसरा होता. त्यांनी माझ्या हातातून हात काढून घेतला आणि टोपी नीट केली.

"त्या पडलेल्या माणसाचं मात्र नव्हतं ठाऊक," ते म्हणाले. "त्याच्या घरी जाऊन आलीस?"

"नाही."

"फोनवर तरी बोललीस, की चूक तुझी म्हणून?"

"नाही बाबा."

सिस्टरने त्यांचं नाव घेतलं. ते उठले, हवेत हात पुढे केला आणि तो तिने धरला.

"माझं अर्ध्या तासाचं काम आहे म्हणतात," ते वळून म्हणाले. "तू इथे बसून काय करणार आहेस?"